साथ कोणी आणली?

(गावातील प्रौढ साक्षरता वर्गात एका कॉलेज-विद्यार्थिनीने केलेले भाषण)



वर्गाच्या बाई मला म्हणाल्या, "तू कॉलेजात काय शिकतेस ते एक दिवस आमच्या वर्गाला सांग." मी म्हटले, "बाई, मला भाषण येत नाही." त्या म्हणाल्या, "भाषण नको करूस. नुसतं बोल." म्हणून बोलायला उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

मी तालुक्याच्या कॉलेजात विज्ञान शिकते. पहिल्या वर्षाला आम्हाला जीवशास्त्र होते. जीवशास्त्र म्हणजे जिवंत वस्तूंची विद्या. झाड, गाय, माणूस, बुरशी, जंतू, सगळे तिच्यात येते. पुस्तकात एक धडा साथींचा होता. परीक्षेत पास व्हायचे म्हणून मी तो धडा वाचायला घेतला. पण वाचता वाचता तो आमच्या घरातलाच निघाला.

तो धडा आज तुम्हाला सांगते. शेवटी आमच्या घरची एक गोष्टही सांगणार आहे. ती सांगायला मला सोपी नाही. पण ती सांगितल्यावाचून हा धडा पुरा होत नाही.

जंतू वेगळा, विषाणू वेगळा

आपण म्हणतो, "साथ आली." जणू काही साथ हा एकच रोग. पण साथी निरनिराळ्या असतात. त्यांची कारणेही निरनिराळी असतात.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. लोक त्याला गाठीचा रोग म्हणत. पुढे तो पुण्यात आणि खेडोपाडी पसरला. लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिले. सावित्रीबाई फुले यांचे नाव तुम्ही या वर्गात ऐकले आहे. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या.

प्लेग होतो तो जंतूमुळे. उंदरांच्या अंगावरच्या पिसवा तो जंतू माणसापर्यंत आणतात. जंतू फार बारीक, पण तो जिवंत जीव आहे. तो खातो, वाढतो, एकाचे दोन होतो. त्याला मारणारी औषधे आज आपल्याकडे आहेत.

पुढे १९१८ साली दुसरी साथ आली. तिला आपल्याकडे मानमोडी म्हणत. पहिले महायुद्ध संपत आले होते. त्या वर्षी जूनमध्ये ती मुंबईत दिसली. पावसाळा सरता सरता ती पुन्हा आली आणि फार जोराने आली. या देशात तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत आपल्या देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी कमी झाली. एवढा तिचा तडाखा होता.

मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझा. तो जंतूमुळे होत नाही, विषाणूमुळे होतो. पण १९१८ साली हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू हाती लागला १९३३ साली. म्हणजे घर लुटले गेले आणि चोर कोण ते पंधरा वर्षांनी कळले.

तंबाखूच्या पानावर सापडलेली गोष्ट

विषाणू पहिल्यांदा कळला तो माणसाच्या रोगातून नव्हे, तंबाखूच्या पानांवरून. तंबाखूच्या पानांवर एक रोग पडतो. पान चट्ट्यापट्ट्यांचे होते.

रशियात इव्हानोव्स्की नावाचे एक शास्त्रज्ञ होते. १८९२ साली त्यांनी रोगट पानांचा रस काढला. तो चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. ही गाळणी इतकी बारीक की जंतू तिच्यातून पार होत नाही. मग तो रस चांगल्या पानांना लावला. तरी पानांना रोग झालाच! म्हणजे जंतूहूनही बारीक असे काहीतरी त्या रसात होते.

१८९८ साली हॉलंडमधले शास्त्रज्ञ बायेरिंक म्हणाले, हे काही तरी नवेच आहे. त्याला त्यांनी व्हायरस म्हटले. आपण मराठीत विषाणू म्हणतो. तो डोळ्यांना दिसेना. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसेना. पुढे इलेक्ट्रॉनचा सूक्ष्मदर्शक निघाला तेव्हा, १९३९ साली, तंबाखूच्या विषाणूचे चित्र मिळाले.

किती बारीक असतो तो? पट्टीवरचा एक मिलिमीटर बघा. दोन बारीक रेघांमधली जागा. त्या जागेत करोनाचे विषाणू ओळीने बसवले तर सुमारे दहा हजार बसतील. ज्वारीचा एक दाणा चार मिलिमीटरचा धरला, तर त्याच्या पोटावर चाळीस हजारांची ओळ मावेल.

पाकिटातली चिठ्ठी

आता मुख्य गोष्ट. विषाणू म्हणजे आहे तरी काय?

आमच्या मॅडमनी वर्गात विचारले, "विषाणू जिवंत की मेलेला?" कोणी म्हणाले जिवंत, कोणी म्हणाले मेलेला. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "दाराच्या कडीवर पडला असेल तर तो खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. पण तुमच्या नाकात शिरला की एकाचे हजारो होतात. आता तुम्हीच ठरवा."

मला वाटते, विषाणू म्हणजे पाकिटातली चिठ्ठी.

चिठ्ठी आपली आपण काही करीत नाही. ती वाचणारा पाहिजे. आपले शरीर कोट्यवधी पेशींचे बनले आहे. पेशी म्हणजे एक इवलेसे घरच. त्या घरात सतत काम चालू असते. काय बनवायचे, कसे बनवायचे, याचा मजकूर पेशीत लिहिलेला असतो. पेशी तो वाचते आणि त्याप्रमाणे वागते. आपल्या बाराखडीत कितीतरी अक्षरे आहेत. पेशीच्या लिपीत चारच अक्षरे. पण त्या चार अक्षरांत सगळे काही लिहिलेले असते.

विषाणूच्या पाकिटातही तशाच लिपीतली चिठ्ठी असते. करोनाच्या चिठ्ठीत सुमारे तीस हजार अक्षरे आहेत. तिचा अर्थ एवढाच, "माझ्या नकला कर. पाकिटे कर. बाहेर पाठव."

पेशी भोळी आहे. तिला वाचता येते, पण हे कोणी लिहिले, कशासाठी लिहिले, ते ती विचारीत नाही. आलेली चिठ्ठी वाचते आणि कामाला लागते. आपले काम बाजूला राहते. हजारो नकला तयार होतात. त्या बाहेर पडतात आणि शेजारच्या पेशींत शिरतात. अशा कितीतरी पेशी शेवटी मरतात. घसा सुजतो, ताप चढतो, छाती भरते.

पण कोणतेही पाकीट कोणत्याही घरात जात नाही. विषाणूच्या अंगावर काट्यांसारखी टोके असतात. ती किल्लीसारखी. पेशीवर जणू कुलूप असते. किल्ली बसली तरच दार उघडते. २०२२ साली आपल्या गाईबैलांना लंपी झाला. अंगावर गाठी आल्या. तोही विषाणूच. पण गोठ्यात राबणाऱ्या एकाही माणसाला लंपी झाला नाही. आपल्या पेशीत त्या विषाणूचे चालत नाही.

किल्ली बदलते तेव्हा

तुम्ही फळ्यावरून उतरून घेता तेव्हा कधी काना राहतो, कधी मात्रा राहते. बहुतेक वेळा त्याने वाक्य बिघडते. पण एखादे वेळी वेगळाच अर्थ होतो. "कर" चे "कार" झाले तर?

विषाणूच्या नकला लाखोंनी निघतात. त्यांतही चुका होतात. पुष्कळ चुकलेल्या नकला फुकट जातात. एखादीची किल्ली मात्र नव्या कुलपाला बसते, किंवा जुन्या कुलपाला अधिक चांगली बसते. करोनाचा डेल्टा हा प्रकार असाच निघाला. तो २०२० च्या अखेरीस आपल्याच देशात प्रथम आढळला. २०२१ च्या उन्हाळ्यात त्यानेच हाहाकार केला. ते दिवस तुम्ही विसरला नाहीत.

पुष्कळ नव्या साथी जनावरांकडून माणसांकडे येतात. मलेशियात १९९८ साली निपाह नावाचा रोग निघाला. तो विषाणू फळे खाणाऱ्या वटवाघळांत राहतो. तिकडे डुकरांचे गोठे फळझाडांजवळ होते. वटवाघळांकडून तो डुकरांना लागला आणि डुकरांकडून माणसांना. २०१८ साली केरळातही निपाह आला. २००६ साली आपल्या नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला. तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. लोक म्हणाले, एवढी नासाडी कशाला? पण नव्या विषाणूला माणसाचे दार उघडण्याची संधीच मिळू नये, यासाठी ते होते.

यात वटवाघळाचा दोष नाही, कोंबडीचाही नाही. पाखरांनी चोचावलेले, वटवाघळांनी चावलेले फळ खाऊ नये. मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने शिवू नये. एकदम पुष्कळ जनावरे मरू लागली तर पशुवैद्याला कळवावे. एवढे आपल्या हातात आहे.

साथ वाढते कशी?

एका माणसाने दोघांना रोग दिला, असे समजा. त्या दोघांनी प्रत्येकी दोघांना दिला, झाले चार. चाराचे आठ, आठाचे सोळा. पाटी घ्या आणि मांडून पाहा. दहाव्या फेरीला आकडा येतो १,०२४. आपल्या गावात इतकी तर घरेही नाहीत.

आता उलटे पाहा. पहिल्याच माणसाने एकालाही दिला नाही, तर ते १,०२४ कोठून येणार? म्हणून साथीत सुरुवातीची काळजी लाखमोलाची असते.

पण करोनाची एक खोड वाईट. विषाणू अंगात शिरल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत दोन ते चौदा दिवस जातात. बहुधा पाच दिवसांच्या आसपास. आणि त्रास सुरू होण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तो माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो. अंगात ताप नाही, खोकला नाही, माणूस हिंडतो-फिरतो आहे. आणि तरीही त्याच्या बोलण्यातून, श्वासातून विषाणू बाहेर पडतो. काहींना तर शेवटपर्यंत काहीच होत नाही. ते मात्र दुसऱ्यांना देऊन जातात.

हे वाक्य मी पुस्तकात वाचले आणि माझा हात थांबला. आता घरची गोष्ट सांगते.

आमच्या घरची गोष्ट

२०२१ साल. मुंबईत साथ पुन्हा वाढू लागली होती. माझे चुलतभाऊ आणि वहिनी २५ मार्चला मुंबईहून गावी आले. वहिनी म्हणाल्या, "आम्ही आधी मळ्यातल्या खोलीत राहतो. चौदा दिवसांनी घरात येऊ." कोणी सांगितले नव्हते. त्यांनी आपणहून केले. पाडव्याच्या पाच दिवस आधी ते दोघे घरात आले. दोघांनाही साधी शिंकसुद्धा नव्हती.

२२ एप्रिलला माझ्या थोरल्या चुलत्यांना, आप्पांना, ताप आला. आप्पा एकसष्ट वर्षांचे. त्यांच्या वयाच्या माणसांना लस मिळू लागली होती. आशाताई दोनदा बोलवायला आल्या होत्या. आप्पा म्हणाले, "टोचून घेतलं की ताप येतो म्हणे. पेरणीपूर्वीची कामं पडलीत. बघू मागून." ताप आला तेव्हाही त्यांनी तो अंगावर काढला. घराला टाळे लावतील, माणसे उचलून नेतील, अशी भीती. पाचव्या दिवशी आशाताईंनी बोटाला तो चिमटा लावला. त्यात पंचाण्णव किंवा त्याहून वर आकडा यायला हवा होता. आला ७८. तालुक्याला नेले. ३० एप्रिलला आप्पा गेले. चार माणसांनी खांदा द्यावा, तेही झाले नाही.

मग घरात आणि गावात एकच बोलणे सुरू झाले. "मुंबईहून रोग आला. सुनेनं आणला. पांढऱ्या पायाची." भावाला कोणी काही म्हणाले नाही. तोही मुंबईहूनच आला होता! बोल लागला तो वहिनींना. त्यांच्या हातचे पाणी कोणी घेईना. सणासुदीला कोणी बोलावीना. त्या सहा महिने माहेरी जाऊन राहिल्या. परत आल्या तरी बोलणे थांबले नाही.

त्या वहिनी आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच मी हे बोलते आहे.

पुढे मी कॉलेजात गेले. साथींचा धडा आला. मॅडमनी फळ्यावर रोगाची लक्षणे लिहिली. ताप, खोकला, थकवा. मग लिहिले, "वास न येणे." त्यांनी समजावून सांगितले की वास ओळखणाऱ्या पेशींना आधार देणाऱ्या पेशी नाकात असतात, हा विषाणू त्यांना इजा करतो, म्हणून वास जातो. कधी कधी एवढेच लक्षण दिसते.

आयाबहिणींनो, त्या एप्रिलात माझा वास गेला होता.

मी तेव्हा बारावीला होते. १२ एप्रिलला पुस्तके आणायला एसटीने तालुक्याला जाऊन आले होते. १७-१८ तारखेला मला फोडणीचा वास येईना. ताप नव्हता, काही दुखत नव्हते. मला वाटले, पडसे असेल. मी कोणाला बोलले नाही. आणि आप्पांना वाचता येत नव्हते. रोज संध्याकाळी मी त्यांच्या जवळ बसून मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. त्यांना कमी ऐकू यायचे, म्हणून अगदी जवळ बसून. १७ तारखेला वाचले. १८ तारखेला वाचले. २२ तारखेला त्यांना ताप आला.

तास संपल्यावर मी मॅडमना एकटीने गाठले. सगळे सांगितले. विचारले, "मॅडम, मीच का आणला?"

मॅडम थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "असेलही. पण ते आता कोणालाच नक्की सांगता येणार नाही. तुझे आप्पा त्या दिवसांत कुठे बाहेर गेले होते का?" गेले होते. १५ तारखेला कांदा घेऊन बाजारात गेले होते. मॅडम म्हणाल्या, "मग तिथेही लागला असेल. तुझ्या नाकातला आणि त्यांच्या नाकातला विषाणू तेव्हा घेतला असता, दोन्ही चिठ्ठ्या अक्षर अक्षर वाचल्या असत्या, तर काही अंदाज आला असता. आता ते शक्य नाही. पण एक गोष्ट आजही सांगता येते. ती मात्र सांग."

"कोणती?"

"तुझ्या वहिनी मुंबईहून किती तारखेला निघाल्या? आणि आप्पांना ताप कधी आला? मोज."

२५ मार्च ते २२ एप्रिल. २८ दिवस. रोग अंगात लपून राहतो तो फार तर चौदा दिवस. आणि त्रास असो वा नसो, बहुतेक माणसे दहा दिवसांनंतर दुसऱ्याला रोग देत नाहीत. वहिनींनी तर चौदा दिवस मळ्यात काढले होते. ज्या माणसाने सगळ्यांत जास्त काळजी घेतली, तिलाच आपण दोषी ठरवले. आणि जी रोज आप्पांच्या जवळ बसत होती, तिला कोणी एका शब्दाने विचारले नाही. कारण ती घरची लेक होती.

मी घरी आले. थोरल्या काकूंजवळ बसले आणि सगळे सांगितले. काकू बराच वेळ गप्प होत्या. मला वाटले, आता उठून जातील. त्या एवढेच म्हणाल्या, "मला सांगितलंस. आधी तिला सांगायचं होतंस."

मग वहिनींना सांगितले. वहिनी रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "वन्सं, मला एकटीला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. गावाला सांगा." म्हणून आज उभी आहे.

गेल्या महिन्यात वहिनींनी या वर्गात आकडे लिहायला-वाचायला शिकून घेतले. परवा त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढले. वर्ष वेगळे असले तरी तारखा त्याच. २५ मार्चवर बोट ठेवले आणि एकेक दिवस मोजत गेल्या. काकू शेजारी बसून ऐकत होत्या. अठ्ठावीसवर बोट थांबले, तेव्हा काकूंनी ते बोट धरून ठेवले.

शरीराची आठवण आणि लस

आता शेवटची गोष्ट. विषाणूला उपाय काय?

पुष्कळ जण अँटिबायोटिक गोळ्या मागतात. अँटिबायोटिक जंतूला मारते. जंतूची भिंत फोडते, त्याचे काम बंद पाडते. विषाणूला ना भिंत, ना स्वतःचे काम. मग गोळी मारणार कोणाला? काही विषाणूंवर वेगळी औषधे आहेत, पण ती डॉक्टर देतील ती. फुकट घेतलेल्या अँटिबायोटिकने जंतू मात्र निबर होतात आणि खरी गरज पडते तेव्हा औषध चालत नाही.

साबण मात्र कामाचा. करोनाच्या पाकिटाला चरबीचे आवरण असते. चुलीवरचे तुपकट भांडे साबणाने कसे निघते? तसेच हे आवरण विरघळते. पाकीट फुटले की चिठ्ठी वाया जाते. तोंडाला फडके बांधले, खिडक्या उघड्या ठेवल्या, की हवेतले विषाणू कमी होतात.

पण मोठा उपाय आपल्या शरीरातच आहे. शरीरात राखणदार पेशी असतात. अनोळखी पाकीट दिसले की त्या त्याच्यावर बसणारी हत्यारे बनवतात. पहिल्यांदा वेळ लागतो. तेवढ्यात रोग बळावतो. पण माणूस बरा झाला की काही पेशी ती खूण लक्षात ठेवतात. पुन्हा तोच चोर आला तर लगेच धावून जातात. लस म्हणजे ती खूण आधीच दाखवून ठेवणे. चोर येण्याआधी राखणदाराला त्याचे चित्र दाखवायचे. टोचल्यावर एक-दोन दिवस अंग तापते, हात दुखतो. ती राखणदारांची तालीम असते.

हे आपल्याला नवे नाही. येथे बसलेल्या आजीबाईंनो, तुमच्या दंडावर वण आहे ना? तो देवी काढल्याचा. देवी हा विषाणूचा रोग. दहांत तीन माणसे त्याने मरत. जे जगत त्यांच्या तोंडावर खड्डे राहत, काहींचे डोळे जात. १७९६ साली इंग्लंडात जेन्नर नावाच्या डॉक्टरांनी पहिली लस टोचली. दूध काढणाऱ्या बाईच्या हातावर गाईच्या देवीचा फोड आला होता, त्यातून ती घेतली होती. पुढे जगभर घरोघरी जाऊन लोकांनी टोचले. आपल्या देशात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला. १९८० साली जाहीर झाले की जगातून देवी गेली. रोगी नाही म्हणून आज ती लस सर्वसामान्यांना टोचत नाहीत. तुमच्या दंडावरचा वण ही त्या लढाईची खूण आहे. पोलिओचेही तसेच. आपल्या देशात त्याच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रोगी २०११ साली होता.

करोनाची लस आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ पासून देऊ लागले. तिच्या पुष्कळशा बाटल्या आपल्या पुण्यातच भरल्या गेल्या. लस घेतली म्हणजे रोग मुळीच होणार नाही, असे नाही. पण झाला तरी जिवावर बेतण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. आप्पांनी ती घेतली असती तर ते वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. पण त्यांना एक संधी मिळाली असती.

करोनाची जागतिक आणीबाणी संपली, असे मे २०२३ मध्ये जाहीर झाले. पण विषाणू गेलेला नाही. गोवर आहे, फ्लू आहे, उद्या आणखी एखादा येईल. बाळाला नवव्या महिन्यात गोवराची लस, आणि दुसरा डोस दीड वर्षाच्या सुमारास, ही चुकवू नका. लसीचे कार्ड आता तुम्हाला वाचता येते. त्यावरची तारीख स्वतः वाचा.

एवढे ध्यानात धरा

साथ आली की आपण विचारतो, "कोणी आणली?" हा प्रश्न भांडणाचा आहे. त्याने रोग थांबत नाही. उलट माणसे ताप लपवतात. आप्पांनी लपवला. मी वास गेल्याचे सांगितले नाही. घरात बोलायची भीती नसती, तर आम्ही दोघांनीही सांगितले असते. विचारायचे असेल तर असे विचारा, "कोणाला बरं वाटत नाही? त्याला काय हवं?"

आणि दुसरे. पेशीला वाचता येते, पण ती कोणाचे आहे ते न विचारता वाचते, म्हणून फसते. आता आपल्यालाही वाचता येऊ लागले आहे. मोबाईलवर काहीबाही येते. अमुक काढा प्या, तमुक लस घेऊ नका, अमक्या वस्तीने रोग आणला. ते वाचा. पण वाचल्यावर विचारा, हे कोणी लिहिले? कशासाठी लिहिले? त्याला कसे कळले? मग पुढे पाठवा, नाही तर पाठवू नका.

आप्पांना वाचता येत नव्हते. मी त्यांना वाचून दाखवीत होते. आज त्यांच्या घरातल्या दोघी जणी या वर्गात बसून स्वतः वाचतात. काकू अजून जोडाक्षरांना अडतात. वहिनी त्यांना सांगतात. दोघींची पाटी एकच आहे.

एवढे बोलून मी खाली बसते. कोणाला काही विचारायचे असेल तर जरूर विचारा. मला येत असेल ते सांगेन. येत नसेल ते मॅडमना विचारून पुढच्या शनिवारी सांगेन.